पिवळे, लाल, पांढरे: दागिन्यातल्या सोन्याचे रंग

दागिन्यांच्या दुकानात आज सोने पिवळे, लालसर, गुलाबी, हिरवट, पांढरे, तपकिरी, काळे अशा कितीतरी रंगांत दिसते. क्वचित जांभळे आणि निळेही. यातला पिवळा तेवढा सोन्याचा स्वतःचा. बाकीचे रंग त्यात घातलेल्या हिणाचे, नाहीतर वर चढवलेल्या थराचे. हीण म्हणजे सोन्यात मिसळलेला दुसरा धातू: तांबे, चांदी, जस्त, निकेल, पॅलेडियम. हिणाला नावे ठेवायची रीत असली, तरी त्याच्याशिवाय रोजच्या वापराचा दागिना टिकत नाही. शुद्ध सोने इतके मऊ की त्याची पाटली हातात वाकते आणि खड्याची पकड सुटते.

मुळात धातूला रंग असणे हाच अपवाद आहे. लोखंड, जस्त, कथील, चांदी, प्लॅटिनम हे सगळे पांढुरके नाहीतर करडे. ठळक रंगाचे शुद्ध धातू दोनच, तांबे आणि सोने. फिकट सोनेरी सीझियम हे तिसरे, पण ते हवा लागताच पेट घेते, तेव्हा त्याचा दागिन्याशी संबंध नाही. सोन्याच्या अणुकेंद्रात 79 प्रोटॉन असतात. एवढ्या जड केंद्राभोवती फिरताना आतल्या इलेक्ट्रॉनांचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या निम्म्याहून जास्त होतो. अशा वेगाला सापेक्षतेचे नियम लागू पडतात. इलेक्ट्रॉनांच्या कक्षा आक्रसतात, ऊर्जेच्या पातळ्या सरकतात आणि त्यांच्यातले एक अंतर नेमके निळ्या प्रकाशाच्या टप्प्यात येते. सोने निळा प्रकाश शोषून घेते. लाल, पिवळा आणि थोडा हिरवा परत पाठवते. चांदीत हेच अंतर अतिनील टप्प्यात पडते, म्हणून डोळ्याला दिसणारा सगळा प्रकाश ती परत पाठवते आणि पांढरी दिसते. आइन्स्टाइनच्या सिद्धांताचा परिणाम उघड्या डोळ्यांनी पाहायचा असेल, तर त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. गळ्यातली मोहनमाळ पुरते.

हा पिवळा रंगही घन सोन्याचाच. ठोकून ठोकून अतिपातळ केलेला वर्ख उजेडासमोर धरला तर आरपार येणारा प्रकाश निळसर हिरवा दिसतो. द्रवात विखुरलेले सोन्याचे अतिसूक्ष्म कण माणकासारखा लाल रंग देतात. मायकल फॅरेडे यांनी 1857 मध्ये त्याचा पद्धतशीर अभ्यास मांडला.

सोन्याची शुद्धता मोजताना त्याचे 24 भाग कल्पिले जातात. 22 कॅरेट म्हणजे 22 भाग सोने आणि 2 भाग हीण, हजारात 916. 18 कॅरेट म्हणजे हजारात 750 आणि 14 कॅरेट म्हणजे 585. 10 ग्रॅमच्या 22 कॅरेटच्या बांगडीत हीण जेमतेम 0.84 ग्रॅम असते. पण एवढेसे हीणही रंग फिरवायला पुरते. ते सगळे चांदीचे असेल तर बांगडी फिकट, किंचित लिंबाच्या झाकेची होते. सगळे तांब्याचे असेल तर तांबूस. सोनार दोन्ही थोडे थोडे घालून मधला रंग साधतो. दोन बांगड्या शेजारी ठेवल्या तर तांबूस बांगडीला गिऱ्हाईक हमखास 'चोख' म्हणते आणि फिकट बांगडी हिणकस ठरते. प्रत्यक्षात दोन्हींत सोने गुंजभरही कमीजास्त नसते.

चांदी आणि तांबे यांच्या प्रमाणाचा हा खेळ कॅरेट उतरतो तसा रंगत जातो. 18 कॅरेटमध्ये हिणाला चौथा हिस्सा मिळतो. त्यात चांदी व तांबे निम्मे निम्मे असतील तर रंग शुद्ध सोन्याच्या जवळचा पिवळा राहतो. चांदी वाढवली की तो हिरवटाकडे आणि मग पांढुरक्याकडे झुकतो. तांबे वाढवले की गुलाबी, पुढे लाल. घड्याळे आणि दागिने बनवणाऱ्या युरोपीय कारखान्यांनी या छटांना क्रमांकच देऊन टाकले. फिकट पिवळा '2 एन', पिवळा '3 एन', गुलाबी '4 एन', लाल '5 एन'. '5 एन'च्या 18 कॅरेट सोन्यात हजारात 750 सोने, 45 चांदी आणि 205 तांबे असते. एका कारखान्यात केलेली घड्याळाची पेटी आणि दुसरीकडे केलेला पट्टा रंगाने जुळावेत, एवढाच त्यामागचा हेतू.

भारतात रंग ही सोन्याच्या परीक्षेचीच बाब होती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, दुसऱ्या अधिकरणात, सुवर्णाध्यक्षाच्या कामांवर एक अख्खे प्रकरण आहे. जांबूनद, शातकुंभ, हाटक, वैणव, शृंगशुक्तिज असे सोन्याचे प्रकार त्यात येतात. कमळाच्या केसराच्या रंगाचे, मऊ, तुकतुकीत सोने उत्तम. तांबूस पिवळे मध्यम. लाल कनिष्ठ, अशी प्रतवारी तिथे आहे. पांढुरके सोने अशुद्ध समजून ते शिशाबरोबर तापवून शुद्ध करायला सांगितले आहे. कौटिल्याला आजचे पांढऱ्या सोन्याचे दुकान दाखवले असते तर त्याने सगळा माल भट्टीत पाठवला असता. सोळा पायऱ्यांच्या मापाने तांबे वाढवत नेलेले नमुने आणि त्यांच्याशी कसोटीवरच्या रेघेची तुलना, ही पद्धतही तिथेच सापडते. कसोटीचा दगड कलिंगाचा किंवा तापी नदीतला, मुगाच्या रंगाचा, उत्तम मानला आहे. ज्या तापीच्या खोऱ्यात आज जळगावची सोन्याची पेठ नावाजली जाते, त्याच तापीचा दगड दोन हजार वर्षांपूर्वी सोने पारखायला मान्य होता.

अकबराच्या टांकसाळीतही हेच तंत्र चालत असे. अबुल फजलने ऐन-ए-अकबरीत कसोटीच्या सुयांचे वर्णन केले आहे. ठरावीक प्रमाणात हीण घातलेल्या सोन्याचे तुकडे टोकांना बसवलेल्या सुया दगडावर घासायच्या आणि त्यांच्या रेघांशी तपासायच्या सोन्याची रेघ ताडून पाहायची. सर्वांत शुद्ध सोने 'बारहबानी'.

आजही जुन्या पेढीवर हा दगड दिसतो. काळाभोर, गुळगुळीत, हाताच्या तळव्यात मावणारा. सराफ त्यावर दागिन्याची कड घासून बोटाच्या पेराएवढी रेघ ओढतो, शेजारी ठाऊक असलेल्या कसाची रेघ ओढतो आणि दोन्हींवरून तेजाबाचा थेंब फिरवतो. हलके सोने फिके पडते, बुडबुडते किंवा पुसून जाते. भारी सोन्याची रेघ तशीच झळकत राहते. मुरलेला सराफ तेजाबाआधीच नजरेने कॅरेट सांगतो. मात्र या नजरेला मर्यादा आहे. ती तांबे आणि चांदी या दोन हिणांवर तयार झालेली असते. हिणात जस्त, निकेल किंवा पॅलेडियम आले की रेघेचा रंग फसवतो, आणि पांढऱ्या सोन्याची रेघ पिवळ्या सुयांशी ताडून काहीच कळत नाही.

लाल सोन्याचे कुळ जुने आहे. कोलंबसपूर्व अमेरिकेत, विशेषतः आजच्या कोलंबियाच्या भागात, तांबे आणि सोने यांच्या 'तुंबागा' नावाच्या मिश्रणाच्या मूर्ती व अलंकार ओतले जात. त्यात कित्येकदा तांबेच जास्त असे. वस्तू तापवायची, वर आलेला तांब्याचा काळा थर वनस्पतींच्या आंबट रसाने काढायचा, पुन्हा तापवायची. असे करत पृष्ठभागावरचे तांबे निघून जाई आणि वर जवळजवळ शुद्ध सोन्याची कातडी उरे. बाहेरून पिवळी दिसणारी वस्तू आतून लाल. भारतीय सोनार तापवलेला डाग चिंचेच्या पाण्यात उकळून उजळतो, त्यामागचे रसायन याच जातीचे. चिंचेतले आम्ल तांब्याचे भस्म विरघळवते, सोन्याला हातही लावत नाही.

एकोणिसाव्या शतकात रशियात तांबूस सोन्याची इतकी चलती होती की युरोपात त्याला 'रशियन सोने' हेच नाव पडले. पुढे सोव्हिएत काळातल्या लग्नाच्या अंगठ्याही 583 च्या शिक्क्याच्या, लालसर असत. ब्रिटिश सॉव्हरिन हे नाणे 22 कॅरेटचे आणि त्यातले हीण तांब्याचे, त्यामुळे त्यालाही तांबूस झाक. हे नाणे हिंदुस्थानात मुबलक आले, इथे 'गिनी' म्हणून ओळखले गेले आणि 'गिनी सोने' हे 22 कॅरेटचे दुसरे नाव होऊन बसले. महाराष्ट्रात, बंगालात जुन्या माणसांच्या तोंडी ते अजून आहे. तांबूस म्हणजे चोख, ही समजूत रुजायला या नाण्याचा हातभार लागला असावा.

गुलाबी आणि लाल सोन्यात फरक तांब्याच्या मात्रेचा. 18 कॅरेटच्या निव्वळ लाल सोन्यात 75 टक्के सोने आणि 25 टक्के तांबे. त्यातले थोडे तांबे काढून चांदी घातली की रंग गुलाबीकडे झुकतो. टक्केवारी वजनाची आहे हे इथे विसरू नये. तांब्याचा अणू सोन्याच्या अणूच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याइतकाच जड. म्हणून वजनात चौथाई असलेले तांबे अणूंच्या मोजणीत सोन्याच्या बरोबरीला येते. लाल अंगठीतला दर दुसरा अणू तांब्याचा असतो.

ही बरोबरी कारागिराच्या मुळावर येऊ शकते. लाल सोने तापवून हळूहळू थंड होऊ दिले, तर सुमारे 400 अंश सेल्सिअसच्या खाली सोने आणि तांबे यांचे अणू आलटून पालटून शिस्तीत थर लावून बसतात. धातू टणक होतो आणि ठिसूळही. मग त्याची तार जंतरातून ओढताना तुटते, पत्र्याला कडेने चिरा जातात. यावरचा उपाय साधा आहे. डाग तापून लाल झाला की ती लाली मंदावताच सांडशीने उचलून पाण्यात बुडवायचा. अणूंना रांगा लावायला सवड मिळत नाही आणि धातू मऊ राहतो. पिवळ्या 22 कॅरेटवर हात बसलेल्या कारागिराला याची जाणीव नसते. त्यात तांबे इतके थोडे की हवेवर थंड केले तरी बिघडत नाही. गुलाबी सोन्याचे काम पहिल्यांदा हाती घेणाऱ्याचा पहिला माल वाया जातो तो बहुधा इथेच.

तांबे जास्त म्हणजे डागाळणेही जास्त. घाम, क्लोरीन घातलेले तलावाचे पाणी आणि हवेतले गंधकाचे अंश यांनी गुलाबी सोने काळवंडते. रोलेक्स कंपनीने 2005 मध्ये आणलेल्या आपल्या गुलाबी सोन्यात थोडे प्लॅटिनम घातले ते रंग टिकावा म्हणूनच. 2015 मध्ये ॲपलने 'रोझ गोल्ड' रंगाचा फोन काढला आणि तो शब्द घराघरांत पोचला. त्या फोनच्या पाठीवर सोन्याचा लवलेश नव्हता, रंगवलेले ॲल्युमिनियम होते. तरी त्यानंतर मुंबई-पुण्याच्या पेढ्यांवर गुलाबी सोन्याच्या बारीक साखळ्या आणि अंगठ्या मांडलेल्या दिसू लागल्या.

हिरवे सोने निसर्गातच तयार मिळते. सोने आणि चांदी यांच्या नैसर्गिक मिश्रणाला इलेक्ट्रम म्हणतात. आजच्या तुर्कस्तानातल्या लिडिया राज्याची इसवी सनपूर्व सातव्या-सहाव्या शतकातली नाणी, जगातल्या अगदी पहिल्या नाण्यांपैकी, याच धातूची. नदीच्या वाळूतल्या सोन्यात चांदी किती हे नक्की नसे, म्हणून नाण्याची किंमतही वादात पडे. लिडियाची राजधानी सार्डिस इथे मिठाबरोबर तापवून सोन्यातली चांदी वेगळी काढण्याच्या भट्ट्या उत्खननात सापडल्या आहेत. अठराव्या शतकातल्या पॅरिसच्या सुवर्णकारांनी मात्र हिरवट रंगच हवा म्हणून मुद्दाम चांदी घातली. लाल, पिवळे, हिरवे आणि पांढुरके अशा चार रंगांच्या सोन्याने ते तपकिरीच्या डब्यांवर फुलापानांची नक्षी करीत. पाने हिरव्या सोन्याची, गुलाब लाल सोन्याचे. हा हिरवा रंग पोपटी वगैरे नसतो. पिवळ्याशेजारी ठेवल्यावरच त्याची हिरवी झाक डोळ्यात भरते. तो अधिक ठळक करायला कधीकाळी कॅडमियम घालत. कॅडमियम विषारी, त्याचा धूर फुफ्फुसे आणि मूत्रपिंडे निकामी करतो. आपल्याकडे 'केडीएम' म्हणून ज्या दागिन्यांची जाहिरात होत असे, त्यांच्या झाळणात हेच कॅडमियम असे. सांध्याजवळ कस कमी होत नाही हा त्याचा गुण, आणि फुंकणीमागे बसलेल्या कारागिराच्या छातीत तो धूर जातो हा दोष. आता त्याऐवजी जस्त-इंडियम असलेली झाळणे वापरतात.

पांढऱ्या सोन्याची गोष्ट प्लॅटिनमपासून सुरू होते. एकोणिसावे शतक संपता संपता युरोपात हिरे प्लॅटिनममध्ये जडवायची पद्धत आली. पिवळ्या सोन्याच्या पकडीत पांढरा हिरा पिवळट झाक घेतो, प्लॅटिनममध्ये घेत नाही. पण प्लॅटिनमचा मोठा पुरवठा रशियातल्या उरल पर्वतातून होई आणि पहिल्या महायुद्धात त्याला तेजाबे व स्फोटके बनवण्याच्या कारखान्यांतून मागणी आली. मग रशियात क्रांती झाली. याच सुमाराला जर्मनीतल्या फोर्ट्सहाइम या दागिन्यांच्या गावी आणि अमेरिकेत न्यूयॉर्कला सोन्यात निकेल किंवा पॅलेडियम घालून प्लॅटिनमसारखे दिसणारे सोने तयार होऊ लागले. म्हणजे आज 'व्हाइट गोल्ड' म्हणून मिरवणारा हा धातू जन्माला आला तो पर्यायी माल म्हणून. 1924 मध्ये पॅरिसच्या कार्तिएने पांढऱ्या, पिवळ्या आणि गुलाबी रंगांची तीन कडी एकमेकांत गुंतवलेली 'ट्रिनिटी' अंगठी काढली, तोवर त्याला स्वतःची प्रतिष्ठा मिळाली होती.

निकेलचे पांढरे सोने स्वस्त पडते, कडक असते, हिऱ्याला घट्ट धरते. पण ते घडवायला चिवट, आणि त्याचा मुख्य दोष त्वचेला जाणवतो. निकेलची ॲलर्जी असलेल्यांच्या कानाच्या पाळ्या खाजतात, चिघळतात. 'सोनं सोसत नाही' म्हणून ज्या तक्रारी येतात, त्यातल्या पुष्कळशा सोन्याच्या नसून निकेलच्या असतात. युरोपीय समुदायाने 1994 मध्ये यावर नियम केला. अंगाला सतत लागणाऱ्या वस्तूतून दर आठवड्याला एका चौरस सेंटिमीटरमागे 0.5 मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटता कामा नये. तेव्हापासून तिकडचे कारागीर पॅलेडियमकडे वळले. पॅलेडियम त्वचेला मानवते, काम करायला मऊ आहे, पण त्याचा वितळणबिंदू चढा आणि भाव लहरी. 2019 मध्ये तर पॅलेडियम सोन्यापेक्षा महाग झाले. हीण सोन्याला भारी पडण्याची ही वेळ क्वचितच येते.

यातले कुठलेच पांढरे सोने आरशासारखे शुभ्र नसते. जवळून पाहिले तर ते करडे, किंचित पिवळट किंवा चहाच्या पाण्याच्या छटेचे दिसते. पिवळेपणाचा निर्देशांक मोजून त्याच्या तीन प्रती केलेल्या आहेत: 19 पेक्षा कमी ती पहिली, 24.5 पर्यंत दुसरी, 32 पर्यंत तिसरी. त्यापुढचे सोने पांढरे म्हणून विकू नये असा संकेत आहे. दुकानात जे शुभ्र चकाकते ते सोने नसून त्यावरचे रोडियम असते. रोडियमचे द्रावण, वीज आणि काही सेकंद. मायक्रॉनच्या अंशाएवढा थर बसतो. हा थर रोजच्या वापराच्या अंगठीवर वर्ष-दोन वर्षांत, आधी तळहाताच्या बाजूने, झिजतो आणि खालचा पिवळट रंग डोकावतो. फसवले गेल्याची पहिली शंका गिऱ्हाइकाला इथे येते. वास्तविक यात फसवणूक नसते, पण विकताना हे सांगितलेले नसते. पुन्हा थर चढवून घेणे हा पांढऱ्या सोन्याच्या देखभालीचा भागच आहे. रोडियम स्वतः महागडा धातू. 2021 च्या मार्चमध्ये त्याचा भाव सोन्याच्या दहापटीच्याही वर गेला होता. एका अंगठीला ते लागते इतके थोडे की खर्च मुख्यतः हातकामाचाच.

पांढरे सोने म्हणजे प्लॅटिनम नव्हे, हेही गल्ल्यावर रोज समजावून सांगावे लागते. प्लॅटिनम हा वेगळाच धातू. दागिन्यांत तो साधारण 95 टक्के शुद्ध असतो, जड असतो आणि त्याला पांढरे दिसण्यासाठी थराची गरज नसते. विदर्भात 'पांढरे सोने' म्हटले की अजूनही आधी कापूसच डोळ्यांपुढे येतो, तो भाग निराळा.

जांभळे आणि निळे सोने या सगळ्यांहून वेगळ्या जातीचे. लाल, हिरव्या, पांढऱ्या सोन्यात दोन धातू एकमेकांत विरघळलेले असतात. जांभळ्यात ते रासायनिक संयुग करून बसतात: सोन्याच्या एका अणूमागे ॲल्युमिनियमचे दोन. वजनात सोने 78.5 टक्के भरते, म्हणून 18 कॅरेटचा शिक्का त्यावर सहज बसतो. ब्रिटिश धातुशास्त्रज्ञ रॉबर्ट्स-ऑस्टिन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याचे वर्णन केले. रंग खराखुरा जांभळा, वांग्याच्या सालीच्या जवळ जाणारा. अडचण एकच, पण मोठी. ते काचेसारखे ठिसूळ असते. त्याची तार ओढता येत नाही, पत्रा ठोकता येत नाही. अंगठी हातातून फरशीवर पडली तर तिचे तुकडे होतील. म्हणून ते खड्यासारखे पैलू पाडून पिवळ्या नाहीतर पांढऱ्या सोन्यात जडवतात. सिंगापूरमध्ये असे दागिने बाजारात आले. इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यांना मात्र हाच जांभळा रंग नकोसा. सोन्याची तार ॲल्युमिनियमला जोडलेल्या ठिकाणी उष्णतेने हे संयुग तयार होते आणि जोड निकामी होतो. अभियंते त्याला 'जांभळी प्लेग' म्हणतात. निळसर रंग इंडियम किंवा गॅलियमच्या संयुगांतून मिळतो. इंडियमच्या निळ्यात सोने 46 टक्केच, म्हणजे 11 कॅरेट. गॅलियमच्यात 58 टक्क्यांच्या वर, 14 कॅरेट. दोन्ही तशीच ठिसूळ.

काळे, तपकिरी आणि पुष्कळसे निळे सोने मात्र नुसते वरवरचे. काळा रंग बहुधा काळ्या रोडियमच्या किंवा रुथेनियमच्या थराचा असतो. क्वचित सोन्यात कोबाल्ट घालून, तापवून, पृष्ठभागावर त्याचे काळे भस्म आणतात. तांबे जास्त असलेल्या सोन्याला गंधकाच्या क्षारांनी तपकिरी करतात. थर खरवडला की आतला रंग उघडा. अशा रंगाची जुनी प्रसिद्ध उदाहरणे इजिप्तचा राजा तुतांखामेन याच्या थडग्यातली. तिथल्या काही टिकल्यांवर गुलाबी-जांभळी झाक होती. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ आर. डब्ल्यू. वुड यांनी प्रयोग करून दाखवले की सोन्यात थोडे लोह घालून तापवले की हीच झाक येते. त्यांचा लेख 1934 मध्ये प्रसिद्ध झाला. जपानी कारागिरांनी उलट वाट धरली. तांब्यात चार-पाच टक्के सोने घातलेला 'शाकुदो' हा धातू विशिष्ट द्रावणात उकळला की निळसर काळा होतो. तलवारींच्या मुठींच्या साजावर तो शतकानुशतके वापरला गेला.

महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत लोकप्रिय झालेले 'गेरू पॉलिश'चे दागिने याच वरवरच्या रंगांतले. ठुशी, चिंचपेटी, कोल्हापुरी साज अशा पारंपरिक घडणीच्या डागांना मंद, मातकट लाल रंग देतात आणि उंचवट्यांवर झळाळी राखतात, की दागिना आजीच्या पेटीतून निघाल्यासारखा दिसावा. आतले सोने नेहमीचेच. एक ग्रॅम सोन्याच्या दागिन्यांची गोष्ट याहून पुढची. तांब्या-पितळेच्या घडणीवर सोन्याचा पातळ मुलामा. त्यांचा रंग 22 कॅरेटशी असा बेमालूम जुळवलेला असतो की लग्नाच्या मांडवात खरे कुठले आणि मुलाम्याचे कुठले हे सांगणे सराफालाही नजरेने अवघड जाते.

कुठल्या रंगाला खरे सोने म्हणायचे हे देशोदेशी वेगळे. चीनमध्ये 24 कॅरेटचा गडद पिवळा, भारतात आणि आखातात 22 कॅरेट, इटलीत 18, अमेरिकेत 14 आणि 10, इंग्लंडात 9 सुद्धा चालते. भारतात ही आवड सरकारने एकदा बदलून पाहिली. 1963 च्या जानेवारीत आलेल्या सुवर्ण नियंत्रण नियमांनी 14 कॅरेटपेक्षा चढ्या कसाचे नवे दागिने घडवायला बंदी केली. 14 कॅरेटमध्ये हीण 41 टक्क्यांच्या वर. त्याचा रंग लोकांच्या मनात भरला नाही, ते कडक सोने जुन्या घडणीला मानवले नाही आणि असंख्य सोनारांच्या बागेसऱ्या (शेगड्या) विझल्या. कसाची ही अट काही वर्षांत मागे घ्यावी लागली. 1968 चा सुवर्ण नियंत्रण कायदा तेवढा 1990 पर्यंत राहिला. आज 18 कॅरेट आले आहे ते सक्तीने नव्हे, हिऱ्याच्या दागिन्यांमुळे आणि सोन्याच्या भावामुळे.

मोडीत आल्यावर मात्र सगळे रंग एका मुशीत जातात. भारतभरच्या पेठांत सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याचा धंदा ज्यांनी पसरवला, त्यांत सांगली जिल्ह्याच्या विटा, खानापूर, आटपाडी या दुष्काळी टापूतून बाहेर पडलेल्या गलाई व्यावसायिकांचा मोठा वाटा आहे. गलाईची रीत अशी. मोडीचे सोने टाकणखार टाकून वितळवायचे, त्यात साधारण तिप्पट चांदी मिसळायची आणि तो रस पाण्यात ओतून त्याचे दाणे पाडायचे. मग ते दाणे शोऱ्याच्या तेजाबात उकळायचे. पिवळे-तांबडे धुराचे लोट उठतात. चांदी, तांबे, निकेल, जस्त, पॅलेडियम तेजाबात विरघळते आणि तळाशी मातीसारखी तपकिरी पूड उरते. न सांगता कोणी पाहिली तर केरात टाकेल. ती धुऊन, वाळवून पुन्हा मुशीत घातली, 1064 अंशांच्या वर तापवली, की वितळून एकत्र येते आणि साच्यात थंड होताना पिवळी होते. गुलाबी अंगठी, पांढरी साखळी आणि आजीची पाटली यांतला भेद इथे संपलेला असतो. कारखान्याच्या फरशीवरची धूळही वाया जात नाही. ती विकत घेऊन धुणारे झारेकरी त्यातूनही सोन्याचे कण काढतात.

शुद्धता ठरवायला आता रंगाचा आधार घ्यायची गरज राहिलेली नाही. क्ष-किरणांच्या यंत्रात दागिना ठेवला की मिनिटभरात कोणता धातू किती हे पडद्यावर येते. मात्र ते यंत्र फक्त वरचा, काही मायक्रॉन खोलीचा थर वाचते. जाड मुलामा त्याला चकवू शकतो. अखेरचा निवाडा अजूनही आगीचाच: नमुन्याचा तुकडा शिशाबरोबर तापवून, तेजाबात धुऊन, उरलेले सोने तोलायचे. भारतीय मानक ब्युरोने सोन्याच्या दागिन्यांवर हॉलमार्कची योजना 2000 मध्ये सुरू केली आणि जून 2021 पासून 256 जिल्ह्यांत ती सक्तीची केली. आता दागिन्यावर तीन खुणा असतात: ब्युरोचे चिन्ह, '22के916' किंवा '18के750' असा कस, आणि अक्षरे व आकडे मिळून सहा चिन्हांचा एचयूआयडी क्रमांक. हा क्रमांक 'बीआयएस केअर' या ॲपवर घातला की दागिना कोणत्या केंद्रात तपासला गेला आणि त्याचा कस काय, ते समोर येते.

हॉलमार्क फक्त सोन्याचे प्रमाण सांगतो. 18 कॅरेटच्या बाकीच्या चौथाईत निकेल आहे की पॅलेडियम, वर रोडियम आहे की नाही, हे त्यावर नसते. तेव्हा पांढरा किंवा गुलाबी दागिना घेताना हीण कशाचे हे विचारावे, वरचा थर पुन्हा चढवून देण्याची सोय आणि खर्च ठरवून घ्यावा, आणि निव्वळ वजन, कॅरेट व हॉलमार्कचे शुल्क वेगवेगळे लिहिलेली पावती घेतल्याशिवाय पेढीवरून उठू नये.